‘म्या केलं’ आणि एक जुना प्रत्यय

नेवासे, शेवगाव, राहुरीकडच्या एखाद्या शाळेत मुलगा वहीत ‘म्या भाकर खाल्ली’ असे लिहितो आणि आपण शिक्षक ‘म्या’वर लाल रेघ मारतो. प्रमाण लेखनात ‘मी’ हवे, हे खरेच. पण त्या मुलाचे व्याकरण आपल्यापेक्षा अंमळ अधिक सुसंगत आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वाटेत स्पेनलाही जाऊन येऊ.

भाकर खाणारा मुलगा आहे, तरी क्रियापद ‘खाल्ली’ असे स्त्रीलिंगी. दोन भाकरी असतील तर ‘खाल्ल्या’. क्रियापद कर्त्याला न विचारता कर्माच्या मागे का जाते? कारण मुळात ते क्रियापद नव्हतेच. ते विशेषण होते. संस्कृतात धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून कृत, दत्त, लिखित, गत, मृत ही रूपे होतात. ‘मया पत्रं लिखितम्’ म्हणजे ‘माझ्याकडून पत्र लिहिलेले आहे’. विशेषण पत्राचे, म्हणून लिंग-वचनही पत्राचे. कर्ता बिचारा तृतीयेत. (गत, मृत ही अकर्मक धातूंची रूपे मात्र कर्त्याचीच विशेषणे, म्हणून ‘तो गेला, ती गेली’.) बोलणाऱ्यांना ही रचना सोपी वाटली असावी. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या शिलालेखात ‘लेखापिता’ हे रूप स्त्रीलिंगी आहे. लिहवून घेणारा राजा पुरुष खरा, पण ‘धम्मलिपी’ स्त्रीलिंगी!

पुढे प्राकृतात दोन स्वरांमधला ‘त’ झिजला. गत-चे ‘गअ’ झाले, मृत-चे ‘मुअ’. शब्द इतके रोडावले की त्यांना टेकू हवा होता. तो ‘इल्ल’ या प्राकृत प्रत्ययाने दिला, असे अभ्यासक मानतात. त्यातून गेला, मेला, केला. हिंदीने हा टेकू घेतला नाही, म्हणून तिच्यात गया, किया. बंगाली, ओडिया यांनी मात्र ‘ल’ घेतला.

शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये प्रवरेकाठी नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा ही ‘ल’ची रूपे पक्की रुळलेली होती. तिच्यात सकर्मक भूतकाळाचा कर्ता ‘मियां’, ‘तुवां’ असा तृतीयेत येतो. आपल्या विद्यार्थ्याचा ‘म्या’ हा त्या ‘मियां’चाच वंशज. आपण ‘त्याने खाल्ली’, ‘मुलीने खाल्ली’ म्हणतो. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यापाशी मात्र प्रमाण भाषा तृतीया विसरली आहे. लाल रेघ मारू नये असे आमचे म्हणणे नाही. पण ती मारताना मुलाला ‘चूक’ म्हणायचे की ‘जुने’, हे ठरवायला हवे.

आता स्पेन. संस्कृतच्या ‘त’चा सख्खा भाऊ लॅटिनमध्येही ‘त’च आहे, त्यातून स्पॅनिशचे ‘-आदो’ आणि ‘-इदो’ आले: बोललेले ते ‘आब्लादो’, खाल्लेले ते ‘कोमिदो’. काही जुनी रूपे तर अधिक बोलकी आहेत. मेलेला म्हणजे ‘म्वेर्तो’, आपला मृत. दिलेला म्हणजे ‘दादो’, आपला दत्त. सांगितलेले म्हणजे ‘दिचो’, मूळ लॅटिन ‘दिक्तुस’, आणि आपल्या ‘निर्दिष्ट’मधला ‘दिष्ट’ त्याचाच सोयरा. हे नाते पुसटसे ओळखणाऱ्या पहिल्या युरोपीयांत गोव्यातले फादर थॉमस स्टीफन्स होते. येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी 1583 साली भावाला कळवले. विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध भाषण त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1786 मध्ये झाले.

पण वापरात दोन भाषांच्या वाटा फुटल्या. आपण भूतकाळासाठी ‘माझ्याकडून’ हा मार्ग धरला; स्पॅनिशने ‘माझ्यापाशी लिहिलेले पत्र आहे’ हा. त्यासाठी ‘बाळगणे’ अर्थाचे ‘आबेर’ हे क्रियापद सहायक झाले. ज्ञानेश्वरांच्या काळातील स्पॅनिशमध्ये या रचनेतही धातुसाधित कधीकधी कर्माप्रमाणे बदले. हळूहळू ते थिजले. 1492 साली नेब्रिहा यांनी स्पॅनिशचे व्याकरण छापले, तेव्हा लिंग-वचन नसलेल्या या रूपासाठी त्यांना शब्दांची एक स्वतंत्र जातच करावी लागली. आज पत्र एक असो वा दहा, ‘ए एस्क्रितो’ एवढेच. कर्मणि वाक्यात मात्र पत्रे स्त्रीलिंगी अनेकवचनी म्हणून ‘एस्क्रितास’. मराठीने कर्माशी जुळवणी सोडली नाही. उलट ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ यात ‘ली’ चिठ्ठीची आणि ‘स’ तुझा, अशी दोघांचीही सोय लावली.

या धामधुमीत ‘लिहिला’ क्रियापद होऊन बसला आणि विशेषणाची जागा रिकामी पडली. ती भरायला मराठीने आणखी एक ‘ल’ जोडला: लिहिलेला, तुटलेला, दिलेला. जोडीला संस्कृतातून उसने घेतलेले लिखित, मृत, दत्त आहेतच. स्पॅनिशमध्येही तळलेल्याला ‘फ्रीतो’ आणि ‘फ्रेइदो’ अशी दोन रूपे आहेत: एक लॅटिनमधून तसेच चालत आलेले, दुसरे नियमाने नवे घडवलेले. बटाटे तळलेले असले तर बहुधा ‘फ्रीतो’च चालते.