डेनारियस ते दीनार : एका नाण्याच्या नावाचा प्रवास

विवाहसमारंभात केतुबाचे वाचन होते तेव्हा 'दोनशे झूज' हे शब्द आपण सर्वजण ऐकतो. पेसाहच्या रात्री मुले जे गीत आवडीने गातात, त्यातील करडूही दोन झुजांनाच घेतलेले असते. मिश्नामध्ये याच झुजाला 'दीनार' असेही म्हटले आहे. हे दुसरे नाव मात्र हिब्रू नव्हे, ते रोमचे आहे. आज त्या नावाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

इ. स. पूर्व 211च्या सुमारास रोमने 'डेनारियस' हे चांदीचे नाणे पाडले. त्याची किंमत ब्राँझच्या दहा 'अस' नाण्यांइतकी होती. लॅटिनमध्ये 'देनी' म्हणजे दहा-दहा. त्यावरून हे नाव पडले. पुढे शंभर वर्षांच्या आतच त्याची किंमत सोळा अस ठरविण्यात आली. नावातील दहा खोटे ठरले, पण नाव टिकले.

रोमची सत्ता लयास गेली तरी युरोपातील भाषांनी ते सोडले नाही. फ्रेंचांचे 'दनिये' मध्ययुगात चांदीचे लहान नाणे होते : बारा दनियेंचा एक सू आणि वीस सूंचा एक लिव्र. नायलॉनच्या धाग्याचा बारीकपणा सांगणारे 'डेनियर' हे माप त्याच शब्दापासून आले. इटालियन 'देनारो', स्पॅनिश 'दिनेरो' आणि पोर्तुगीज 'दिन्येरू' या शब्दांचा अर्थ तर निव्वळ 'पैसा' असा झाला. इंग्रजांनी आपल्या नाण्याला पेनी म्हटले. परंतु हिशेबाच्या वहीत 1971पर्यंत पेनीसाठी 'डी' हे अक्षर लिहिले जाई, ते डेनारियसचे आद्याक्षर होय. सर्बियात दीनार आजही चलनात आहे.

पूर्वेकडे हे नाव ग्रीक भाषेच्या वाटेने आले. अरबांनी ते सोन्याच्या नाण्याला दिले. जॉर्डन, कुवेत व इराकचा दीनार त्याच वंशातला. भारतात गुप्तकालीन लेखांत सुवर्णनाण्यास 'दीनार' म्हटलेले आढळते. त्याचा सोबती ग्रीक 'द्राख्मा' हा 'द्रम्म' होऊन कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत आला, आणि आपल्या मराठीतील 'दाम' हा त्याचाच वंशज आहे.

आपल्या पूर्वजांना मात्र डेनारियस हा केवळ शब्द नव्हता. इ. स. 70मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर सम्राट वेस्पासियन याने डेनारियसवर बंदिवान ज्यूदेयाची आकृती छापली. मंदिरासाठी प्रौढ पुरुष जो अर्धा शेकेल देत, त्याच्या जागी दोन डेनारियसांचा कर बसविला, तोही स्त्रिया व मुलांसह सर्वांवर, आणि त्याचा पैसा रोममधील ज्युपिटरच्या देवळाकडे वळविला. साठ-बासष्ट वर्षांनी, 132 ते 135 या काळातील उठावात, बार कोखबाच्या लोकांनी हीच रोमन नाणी घेतली, आणि सम्राटाच्या मुद्रेवर नवा ठसा मारला : द्राक्षांचा घड, वीणेसारखे वाद्य, मंदिरातील तुताऱ्या, आणि प्राचीन हिब्रू लिपीत 'यरुशलेमच्या मुक्ततेसाठी' ही अक्षरे. काही नाण्यांवर नव्या अक्षरांखाली जुन्या रोमन ठशाच्या खुणा अजूनही दिसतात. उठाव मोडला गेला, नाणी राहिली.

आता पुन्हा केतुबाकडे वळू. दोनशे ही संख्या वाटेल तशी निवडलेली नाही. मिश्नाच्या 'पेआ' या भागात सांगितले आहे, की ज्याच्यापाशी दोनशे झूज आहेत त्याने शेतात गरिबांसाठी राखलेला वाटा घेऊ नये. भाष्यकारांच्या मते एवढ्या रकमेत एका माणसाचे वर्षभराचे अन्नवस्त्र भागत असे. म्हणजे पतीच्या पश्चात अथवा सोडचिठ्ठीनंतर पत्नीला निदान एक वर्ष कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढी तरतूद त्या दोन शब्दांत आहे.

झूज आज कोणत्याही बाजारात चालत नाही. तरीही त्या नावाने दिलेले वचन प्रत्येक विवाहात नव्याने दिले जाते. म्हणून पुढच्या लग्नात केतुबा वाचली जाईल, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलांना दोनशे झुजांचा हा अर्थ अवश्य सांगावा.