कुत्र्याचा पासपोर्ट

इंग्लंडमध्ये डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. पाऊस, धुकं, हाडांत शिरणारा दमटपणा. म्हणून नोव्हेंबर लागला की तिथले हजारो निवृत्त लोक मोटरहोम बाहेर काढतात. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर : पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, हीटर आणि चिंचोळा संडास. बोटीत गाडी चढवायची, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सान्तान्देर किंवा बिल्बाओला उतरायचं आणि दक्षिणेकडे चालू लागायचं. बेनिडॉर्मजवळच्या किंवा पोर्तुगालच्या अल्गार्व्ह भागातल्या कॅम्पसाइटवर जानेवारीतही दुपारी स्वेटर काढून बसता येतं.

या गाड्यांच्या दाराशी बऱ्याचदा कुत्रा बांधलेला दिसतो. हा योगायोग नाही. विमानाने ब्रिटनमध्ये परतताना पाळीव कुत्र्याला केबिनमध्ये घेता येत नाही, तो मालवाहू सामान म्हणूनच यावा लागतो. सगळीच हॉटेलं कुत्रा घेत नाहीत. तीन महिने त्याला घरी कुणाच्या जिवावर सोडणार? मोटरहोममध्ये हे तिन्ही प्रश्न सुटतात.

पण ही साधी दिसणारी सुट्टी 2000 सालापर्यंत जवळजवळ अशक्य होती. गाडी होती, रस्ते होते, बोटी होत्या, कुत्रेही होते. आडवा येत होता तो एक आजार, आणि त्या आजाराच्या भीतीतून जन्मलेला कायदा.

गोष्ट 1885 च्या उन्हाळ्यापासून सांगता येईल. गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. आधी ब्रिटिश नौदलात डॉक्टर, नंतर मुलांसाठी साहसकथा आणि कुत्र्यांवर पुस्तकं लिहिणारा लेखक. त्याने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी घोड्यांनी ओढायचं घर बांधून घेतलं. वजन सुमारे दोन टन, नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. तोवर अशा गाड्यांत राहायचे ते जिप्सी आणि फिरते विक्रेते, पोटासाठी. स्टेबल्स निघाला हौसेसाठी. बर्कशरमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत. सोबत गाडीवान, नोकर, एक काकाकुवा आणि ‘हरिकेन बॉब’ नावाचा भलाथोरला न्यूफाउंडलंड कुत्रा. कॅरॅव्हॅनमधल्या सुट्टीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या प्रवासापासूनच सुरुवात करतात. म्हणजे या सुट्टीत कुत्रा पहिल्या दिवसापासून आहे.

त्याच उन्हाळ्यात, 6 जुलै 1885 रोजी, पॅरिसमध्ये लुई पाश्चरकडे नऊ वर्षांच्या एका मुलाला आणलं गेलं. जोसेफ मायस्टर. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे लचके तोडले होते. पाश्चरची लस तोवर कुत्र्यांवर वापरून झाली होती, पण माणसात तिचा नीट कस लागला नव्हता. ती टोचली आणि मुलगा जगला. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. मात्र चावल्यानंतर आणि लक्षणं दिसण्याआधी हस्तक्षेप करता येतो, हे त्या दिवसापासून कळलं.

एका बाजूला कुत्र्यासोबत मोकळं भटकायची हौस, दुसऱ्या बाजूला कुत्र्यामुळे येणारं मरण. पुढची सव्वाशे वर्षं या दोन धाग्यांचा पीळ सुटला नाही.

ब्रिटनने सुरुवातीला लसीपेक्षा शिस्तीवर भर दिला. 1890 च्या दशकात वॉल्टर लाँग या शेतीमंत्र्याने कुत्र्यांच्या तोंडाला सक्तीने मुसकी बांधायला लावली. श्वानप्रेमी खवळले. शिकारी कुत्र्यांच्या टोळ्यांना सूट मिळाल्याने श्रीमंतांना एक न्याय आणि गरिबांना दुसरा, अशीही ओरड झाली. लाँग हटला नाही. जोडीला बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना बंदरावरच अडकवून ठेवायचा नियम 1897 मध्ये आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मुदत सहा महिन्यांवर पक्की झाली. 1902 मध्ये देशातला रेबीज संपला. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो पुन्हा आला, आणि 1922 मध्ये पुन्हा हद्दपार झाला.

बेटाला हे जमलं, कारण चारी बाजूंनी समुद्र होता. यशाला मात्र किंमत होती. कोव्हिडमध्ये चौदा दिवसांचं क्वारंटाइन आपल्याला नकोसं झालं होतं, इथे सहा महिने होते. कुत्रा पिंजऱ्यात, खर्च मालकाचा, भेटीपुरतं दर्शन. हिंदुस्थानातून नोकरी संपवून परतणारा साहेब असो की फ्रान्समध्ये पंधरा दिवस फिरून आलेलं जोडपं, नियम एकच. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग आणि शेगडी बसवून युरोपभर फिरण्याची लाट आली, तेव्हा इंग्रज कुटुंबं खाडी ओलांडायची, पण कुत्रा घरी किंवा केनेलमध्ये. जर्मन किंवा डच माणूस आपला कुत्रा शेजारी बसवून स्पेनला जात होता. इंग्रजाला ते परवडणारं नव्हतं.

सहा महिनेच का? रेबीजचा विषाणू चावल्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत हळूहळू चढतो. त्याला काही आठवडे लागतात, क्वचित अनेक महिने. सहा महिने कुत्रा ठणठणीत राहिला तर तो बहुधा निर्दोष, असा हिशोब होता. 1969 मध्ये या ‘बहुधा’ने दगा दिला. जर्मनीहून आलेला फ्रिट्झ नावाचा कुत्रा सहा महिने पूर्ण करून सुटला आणि थोड्याच दिवसांत कॅम्बर्ली गावात पिसाळला. त्याने दोघांना चावलं. दोघंही लसीमुळे वाचली. पण आसपासच्या झाडीत कोल्हे आणि इतर रानटी जनावरं टिपून मारली गेली. 1974 मध्ये रेबीजचा कडक कायदा आला, बंदरांवर इशाऱ्याची पोस्टरं लागली. पुढे खाडीखालच्या बोगद्याची योजना आली, तेव्हा पिसाळलेले कोल्हे त्यातून चालत इंग्लंडात शिरतील, ही भीतीही लोकांनी मनावर घेतली. बोगदा बांधताना जनावरं अडवण्यासाठी कुंपणं आणि विजेचे अडथळे खरोखर घालावे लागले.

कोल्ह्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोलंडकडून सुरू झालेली कोल्ह्यांमधली रेबीजची साथ दरवर्षी काही दशक किलोमीटर पश्चिमेकडे सरकत होती. 1968 मध्ये ती फ्रान्समध्ये पोहोचली. कोल्हे मारून ती थांबेना, कारण एक कोल्हा मेला की मोकळ्या जागेत दुसरा येई.

तोडगा निघाला स्वित्झर्लंडमध्ये. 1978 मध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात तिथल्या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरली आणि ती मुंडकी रानात टाकून दिली. कोल्ह्यांनी ती खाल्ली. साथ त्या खोऱ्यात अडली. पुढे कारखान्यात बनवलेली आमिषं आली, ती हेलिकॉप्टरमधून आणि विमानांतून टाकली गेली. 2001 मध्ये फ्रान्स रेबीजमुक्त जाहीर झाला.

म्हणजे समुद्रापलीकडचं घर स्वच्छ होत चाललं होतं, आणि अलीकडे कुलूप तसंच होतं. 1990 च्या दशकात हे कुलूप काढायची मागणी वाढली. 1997 मध्ये हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी आपले व्हिस्की आणि सोडा हे दोन टेरियर ब्रिटनच्या पिंजऱ्यात घालण्याऐवजी फ्रान्समध्ये ठेवले. साम्राज्याचा झेंडा उतरवून आलेल्या माणसाचे कुत्रे स्वदेशी येऊ शकत नाहीत, यातला विरोधाभास वर्तमानपत्रांनी सोडला नाही.

28 फेब्रुवारी 2000 रोजी नवी योजना सुरू झाली. कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप, रेबीजची लस, लस लागू पडल्याची रक्ततपासणी, आणि त्यानंतर सहा महिने वाट पाहायची. सहा महिने तेच राहिले, फक्त ते पिंजऱ्याऐवजी घरच्या सोफ्यावर काढायचे. 2004 मध्ये युरोपीय संघाचा निळा ‘पेट पासपोर्ट’ आला. 2012 पासून ब्रिटनने ती मुदत लसीनंतर 21 दिवसांवर आणली. परतण्याआधी एक ते पाच दिवसांत जनावरांच्या डॉक्टरकडून जंताचं औषध देऊन घ्यायचं, एवढं बंधन उरलं. मोटरहोमच्या दाराशी बांधलेला कुत्रा हा या बारा वर्षांचा परिणाम आहे.

मग ब्रेक्झिट आलं. 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटनमध्ये दिलेले कुत्र्यांचे पासपोर्ट युरोपात रद्दी झाले. आता दर फेरीला, निघण्याच्या आधीच्या दहा दिवसांत, डॉक्टरकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं. ते युरोपात चार महिने चालतं. माणसाला मात्र व्हिसाशिवाय दर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. कुत्र्याचे कागद चार महिन्यांचे, मालकाचे तीन महिन्यांचे. नोव्हेंबर ते मार्च असा अख्खा हिवाळा काढणाऱ्यांचं गणितच बिघडलं. शंभर वर्षं माणूस मोकळा आणि कुत्रा अडकलेला होता. आता कुत्र्याला मुक्काम वाढवता येतो, पण मालकाला गाडी वळवावी लागते. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाने कुत्र्यांचे पासपोर्ट परत आणायचं मान्य केलं. माणसांचे 90 दिवस तसेच आहेत.

हे सगळं मराठीत का वाचायचं? कारण याच आजाराचा आपला इतिहास वेगळ्या वाटेने गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात कुत्रा चावलेल्या गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी पॅरिसला धाडलं जाई. 1900 मध्ये हिमालयातल्या कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे डेव्हिड सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला धाक घालणारी ‘पोटातली चौदा इंजेक्शनं’ ती हीच. जगाने चांगली लस घेतल्यावरही ती आपल्याकडे 2004 पर्यंत चालू होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं रेबीजने मरतात, आणि त्यातली एकतृतीयांशाहून अधिक भारतात. त्यात लहान मुलं खूप असतात.

आपल्याकडे समुद्राचं कुलूप नाही. मुसकी बांधायला रस्त्यावरच्या कुत्र्याला मालक नाही. उरतो तो स्विस मार्ग : आजार जिथे राहतो तिथे जाऊन लस पोचवायची. गोव्यात 2013 नंतर हेच झालं. जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरणारी पथकं, मोबाइल अ‍ॅपवर प्रत्येक कुत्र्याची नोंद, दरवर्षी पुन्हा तेच काम. 2019 पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज तिथे 92 टक्क्यांनी घटला.

ब्रिटनचा इतिहास वाचताना दाराला कडी घालणारा वॉल्टर लाँग ठळक दिसतो, कारण कडी दिसते. ती उघडण्याची हिंमत मात्र रानात कोंबडीची मुंडकी टाकणाऱ्यांमुळे आली. आपल्यापुरतं यातून दोन गोष्टी घ्याव्यात. गल्लीत लसीकरणाची गाडी आली तर कुत्रा पकडायला मदत करावी. आणि कुत्रा चावला, अगदी ओरखडा असला तरी, पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आता इंजेक्शन दंडात देतात.