मानवत, 'आक्रीत' आणि गोलमालचा तो साधा पोरगा

'मानवत मर्डर्स' पाहिलीत का? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ही वेबसिरीज आली आणि आपल्या हिंगोलीत बऱ्याच जणांनी ती एका रात्रीत संपवली. साहजिकच आहे. मानवत म्हणजे परभणी ओलांडली की पाथरीच्या रस्त्यावरचं गाव. आणि ते खून झाले, १९७२ ते ७४ मध्ये, तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हा नव्हताच, तो झाला १ मे १९९९ ला. त्या काळी आपणही परभणी जिल्ह्यातच. घरात कुणी सत्तरीचं माणूस असेल तर त्यांना विचारा, दिवस मावळायच्या आत पोरींना घरात का घ्यायचे ते.

पण या खुनांवर पहिला मराठी सिनेमा आला तो १९८१ मध्ये. नाव 'आक्रीत'. आणि तो कुणी काढला माहितीये? अमोल पालेकरांनी!

हो, तेच. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'चितचोर', 'गोलमाल'वाले. मूळचे चित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. मग बँकेत नोकरी, सत्यदेव दुबेंकडे नाटक, १९७२ मध्ये 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्था. सिनेमातला त्यांचा हिरो बसच्या रांगेत उभा राहायचा, साहेबाला घाबरायचा, मारामारी तर त्याच्याच्यानं होतच नसे. लोकांना तो घरचा वाटायचा.

असा माणूस दिग्दर्शक होतो तेव्हा काय करेल? मला विचाराल तर, एखादी गोड मध्यमवर्गीय प्रेमकथा. चालली असती, पैसेही आले असते. पालेकरांनी मात्र मानवत निवडलं. पटकथा विजय तेंडुलकरांची. आणि गावातला तो बडा माणूस, मुकुटराव, ज्याच्या घरातून हे सगळं सुरू होतं, ती भूमिका त्यांनी स्वतः केली. त्याच्यासोबत राहणारी बाई झाल्या चित्रा पालेकर.

इथं थोडं थांबू. 'मानवत मर्डर्स' तपास अधिकाऱ्याच्या मागे चालते. रमाकांत कुलकर्णी मुंबईहून येतात, धागे जुळवतात, आपण त्यांच्या बाजूनं बघतो. सेफ वाटतं. 'आक्रीत' आपल्याला मुकुटरावाच्या वाड्यात नेऊन बसवतो. गुप्तधनाची हाव, मुलाची आस आणि त्यापायी गेलेल्या बायका-पोरी. त्यात तो चेहरा आपल्या लाडक्या हिरोचा! खुनी म्हणजे कुणीतरी भयानक दिसणारा, बाहेरून आलेला, ही सोय प्रेक्षकाला उरतच नाही. ७२ च्या दुष्काळात जे गाव एका विहिरीवर पाणी भरत होतं, त्याच गावातला तो माणूस. आपल्याकडे आजही गुप्तधनाच्या नादानं रात्री खड्डे खणल्याच्या बातम्या येतात, म्हणून मला हा सिनेमा जुना वाटत नाही.

फ्रान्समधल्या नांत शहरातल्या महोत्सवात 'आक्रीत'ला ज्युरींचं खास पारितोषिक मिळालं. 'गोलमाल'सारखी गर्दी मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

तरी पालेकर तिथून मागे फिरले नाहीत. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या नाटकावरून 'अनकही' (१९८५) केला. त्यातल्या गायनासाठी पंडित भीमसेन जोशींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवर 'बनगरवाडी', १९९५. त्यातला तरुण मास्तर आठवतो? ते चंद्रकांत कुलकर्णी, आपल्या औरंगाबादच्या नाटकवाल्यांपैकी! पुढे जी. एं.च्या कथेवर 'कैरी' आणि र. धों. कर्व्यांवर 'ध्यासपर्व'. शाहरुखचा 'पहेली' (२००५) तर भारताकडून ऑस्करला गेला. तो पालेकरांचा, हे कितीतरी जणांना ठाऊकच नसतं.

आता एक काम करा. आज 'गोलमाल' बघा, आणि 'आक्रीत' कुठं मिळालाच तर उद्या तो. मधे एक झोप नक्की काढा. लागोपाठ बघितले तर मिशी असलेला आणि मिशी नसलेला, दोन्ही पालेकर पुन्हा तसे दिसणार नाहीत.