फाइल नेमकी कुठे अडते? ४१३, ५०२ आणि ५०४ या आकड्यांचा अर्थ

भिवंडी तालुक्यातल्या मानकोली, पूर्णा, काल्हेर परिसरात गोदामांची रांगच आहे. इथून माल निघताना चालकाजवळ बीजक लागतं. माल ठरावीक मर्यादेहून जास्त किमतीचा असेल, तर साधारणपणे ई-वे बिलही लागतं. ही कागदपत्रं आता ऑनलाइन तयार होतात. बीजकाची पीडीएफ डाउनलोड झाली नाही, तर भरलेली गाडी गेटवरच उभी राहते. अशा वेळी दोष नेटला दिला जातो, पण अडचण अनेकदा वेबसाइटच्या दोन सर्व्हरच्या मध्ये असते.

दोन सर्व्हर कशासाठी?

पुढे असतो वेब सर्व्हर, उदाहरणार्थ एनजिनएक्स किंवा अपाची. तो गोदामाच्या गेटसारखा: आलेली मागणी आत पाठवतो आणि तयार फाइल बाहेर देतो. मागे असतो ॲप्लिकेशन सर्व्हर. हिशेब करणं, बीजक तयार करणं हे काम त्याचं. फाइल कुठे अडली, हे स्क्रीनवरचा आकडा सांगतो.

४१३: फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. बहुतेकदा ती गेटवरूनच परत येते. एनजिनएक्समध्ये वेगळी सूचना दिली नसेल, तर ही मर्यादा १ एमबी असते. मोबाइलवर काढलेला एक फोटोही अनेकदा तेवढ्यात बसत नाही. फाइल लहान करून पाठवा.

५०२: गेट चालू आहे, पण आतून नीट उत्तर आलं नाही. ॲप्लिकेशन सर्व्हर बंद पडलेला असू शकतो. तुमचं नेट बदलून उपयोग नाही.

५०४: आत काम सुरू असेल, पण ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. एनजिनएक्स सहसा ६० सेकंद थांबतो. इथे सावध राहा. गेटने वाट पाहणं सोडलं, तरी आतलं काम पूर्ण झालेलं असू शकतं. पुन्हा बटण दाबलं तर एकाच मालाची दोन बीजकं तयार होऊ शकतात. आधी यादीत नोंद झाली आहे का, ते बघा.

४०३ आणि ४०४: ४०३ म्हणजे फाइल द्यायला परवानगी नाही, ४०४ म्हणजे मागितलेल्या पत्त्यावर ती सापडली नाही. फाइल ठेवली एका फोल्डरमध्ये आणि वेब सर्व्हर शोधतोय दुसऱ्यात, असंही होतं.

आकडा न दिसता फाइल अर्धवट आली तर?

लहान फाइल नीट येतात आणि मोठ्या मध्येच तुटतात, हे ओळखीचं लक्षण आहे. मोठी फाइल वेब सर्व्हर आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवून घेतो. तिथे लिहायची परवानगी नसेल किंवा डिस्क भरलेली असेल, तर फाइल अर्धीच बाहेर पडते.

वेबसाइट सांभाळणाऱ्यांनी आधी वेब सर्व्हरचा एरर लॉग वाचावा. मग तीच फाइल वेब सर्व्हरला वगळून थेट ॲप्लिकेशन सर्व्हरकडून मागवावी. ती पूर्ण आली, तर दोष गेटवर किंवा दोघांमधल्या वाटेवर आहे. तिथूनही आली नाही, तर आत शोधावं.

तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहू नका. आकडा, वेळ आणि फाइलचा आकार कळवा. तेवढ्यावरून लॉगमधली नेमकी ओळ सापडते आणि गाडी लवकर सुटते.