हैतीतील पटकीची साथ (२०१०)
रोगजंतूच्या जीनोममधील घटकांचा क्रम वाचून जिचा उगम शोधण्यात आला, अशी एक महत्त्वाची साथ. हैतीत सु. शंभर वर्षे पटकीची नोंद नव्हती. जानेवारी २०१० मधील भूकंपानंतर ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात ती उद्भवली. स्थानिक समुद्रातील जंतू बळावले, असा एक तर्क होता. उपनदीकाठच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या नेपाळी तळावरील मैलापाण्यातून ते आले, असा दुसरा. २०११ मध्ये नेपाळमधील २४ जंतुनमुन्यांचे क्रम हैतीतील ३ नमुन्यांशी ताडण्यात आले. त्यांपैकी ३ नेपाळी नमुने व हैतीतील नमुने यांत केवळ एक-दोन घटकांचा फरक आढळला. असे साम्य जंतूंचे नाते दर्शविते; त्यांची वाट मात्र रुग्णांच्या नोंदी व स्थळपाहणी यांवरूनच ठरते. येथे दोन्ही पुरावे जुळले. तळांवरील मैल्यावर जागीच प्रक्रिया करावी, तसेच पटकीग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्या सैनिकांची तपासणी करावी अथवा त्यांना प्रतिजैविके द्यावीत, अशी शिफारस तज्ञमंडळाने २०११ मध्येच केली. साथ व तिचा प्रसार यांबाबत पुरेसे प्रयत्न न केल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की-मून यांनी १ डिसेंबर २०१६ रोजी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. तोवर नऊ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले होते.