जन्म एका दिवसाचा, वाढ आयुष्याची

रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें जिजाबाईंची समाधि आहे. शिवरायांस घडविण्यांत आयुष्य वेंचून, १६७४ सालीं राज्याभिषेक पाहिल्यावर थोड्याच दिवसांत त्या निवर्तल्या. जन्म देणें एका दिवसाचें, वाढविणें आयुष्याचें काम. बाप्तिस्म्याविषयींही हेंच खरें.

येशूसंघाचे इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यांत आले. साष्टींतील नवख्रिस्ती बाप्तिस्मा पावले होते. परंतु जुन्या पोथ्या सुटल्या, नव्या हातीं नव्हत्या. त्यांच्यासाठीं पाद्रीसाहेबांनीं सुमारें अकरा हजार ओंव्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें; तें १६१६ सालीं छापलें गेलें. १६५४ पर्यंत तीन आवृत्त्या निघाल्या. पुढें १६८४ सालीं, तीन वर्षांत लोकभाषा सोडावी, असा पोर्तुगीज सरकारचा हुकूम सुटला. तरीही ख्रिस्ती घराण्यांनीं पोथी हातानें उतरून घेतली, पिढ्यान्‌पिढ्या गाइली. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळुरांत ती पुन्हां छापली.

भरविणारा हात गेल्यावरही जो स्वतः जेवूं लागतो व धाकट्यांस भरवितो, तोच श्रद्धेंत वयांत आला. धर्मबंधूंनो, या महोत्सवाच्या वर्षीं आपण किती वाढलों, हें प्रत्येक घरानें आपणांसच विचारावें.