एडिटरचा संथपणा आणि त्याचे निदान

संगणकीय खेळातील भिंती, दिवे, पात्रे आणि त्यांना चालवणारा कोड ज्या साधनात एकत्र आणला जातो, त्याला एडिटर म्हणतात. एडिटर संथ चालण्याची तक्रार नवी नाही. खेळाडूच्या संगणकावर जो वेळ वाचवला गेला, तो बऱ्याच अंशी खेळ घडवणाऱ्याच्या खात्यात खर्ची पडला, हे या तक्रारीच्या मुळाशी आहे.

इड सॉफ्टवेअरच्या १९९३ सालच्या 'डूम'मध्ये नकाशाचे आधीच दोन-दोन भाग करत जाऊन त्यांचा क्रम साठवला जाई, म्हणजे खेळताना पुढे काय आणि मागे काय हे ठरवण्यात वेळ जात नसे. १९९६ च्या 'क्वेक'ने त्यात भिंतींवरील प्रकाशाची आणि कोणत्या जागेतून कोणती जागा दिसू शकते याची आगाऊ मोजणी जोडली. कंपनीकडे त्यासाठी चार प्रोसेसरचा अल्फा संगणक होता. घरच्या संगणकावर नकाशे करणाऱ्या हौशी मंडळींना मात्र तीच मोजणी रात्रभर चालू ठेवावी लागे. म्हणूनच दृश्यता मोजणाऱ्या 'व्हिस' या साधनात ढोबळ अंदाजावर भागवणारा 'फास्ट' पर्याय होता. भिंतीत बारीकशी फट राहिली, तर नकाशा बाहेरच्या पोकळीला 'लीक' होई आणि दृश्यतेची मोजणीच अडून बसे. अशा वेळी नकाशा बांधणारे साधन बिंदूंची एक फाइल लिहून ठेवी, आणि खेळात ती उघडली की आतल्या एखाद्या वस्तूपासून थेट त्या फटीपर्यंत ठिपक्यांची माळ दिसे. दोषाची जागा इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारी साधने आजही थोडीच आहेत.

संथपणाचे कारण असे बोट ठेवून दाखवता येत नाही. ते मोजावे लागते. डोनाल्ड क्नूथ यांनी फोर्ट्रान प्रोग्रामांच्या १९७१ च्या अभ्यासात दाखवले होते की, साधारणतः प्रोग्रामच्या चार टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून अधिक वेळ जातो. कोणत्या भागात किती वेळ गेला हे नोंदवणाऱ्या साधनाला प्रोफायलर म्हणतात, आणि बर्कली येथील 'जीप्रॉफ'ने १९८२ मध्ये कोणी कोणाला बोलावले याचाही हिशेब त्यात आणला.

२००५ मध्ये आलेल्या युनिटी या खेळ घडवण्याच्या साधनात खेळ एडिटरच्या आतच चालवून पाहता येतो. सोय मोठी, पण त्यामुळे संथ कोण, खेळ की एडिटर, हा संभ्रम निर्माण झाला. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात, आणि प्रोफायलरमध्ये 'एडिटरलूप' या नावाने दिसणारी ओळ, जी एडिटरच्या स्वतःच्या कामाची असते, त्यातला मोठा वाटा खाऊ शकते. ती खेळाच्या माथी मारली की निदान चुकते. म्हणून खेळाच्या वेगाचा निकाल तयार बिल्डवरच, म्हणजे एडिटरबाहेर स्वतंत्र चालणाऱ्या खेळावरच लावावा, हे योग्यच आहे.

युनिटीच्या एडिटरमधील संथपणाचे दुसरे कारण म्हणजे कोड बदलताच होणारे संकलन आणि त्यानंतरचे 'डोमेन रीलोड', म्हणजे सगळा कोड स्मृतीत नव्याने भरणे. कोडचे वेगळे गट पाडण्याची सोय २०१७.३ आवृत्तीत आली, त्यामुळे बदललेला गट आणि त्यावर अवलंबून असलेले गट तेवढेच पुन्हा संकलित होऊ लागले. खेळ सुरू करताना होणारे रीलोड टाळण्याचा पर्याय २०१९.३ मध्ये मिळाला. तो निवडला की खेळ झटकन सुरू होतो, पण स्टॅटिक चलांत मागच्या खेपेच्या किमती तशाच राहतात आणि त्या मूळ स्थितीला आणण्याचे काम कोड लिहिणाऱ्यालाच करावे लागते.